साडेतेरा भाकरी आणि एक नवं गाव

"खान्देशात बघायला काय आहे?" असं मला पुण्यातल्या एका संपादकांनी फोनवर विचारलं होतं. त्याच फोनवर त्यांनी माझा लेख नाकारला. लेख होता अगदी छोटे देश आपली निवडणूक पद्धत कशी निवडतात यावर. "विषयाचा महाराष्ट्राशी संबंध नाही, मॅडम. आणि तुम्ही राहता मुक्ताईनगरला. त्या देशांत तुम्ही गेलात तरी आहात का?" नाही गेले बाबा. तुम्ही तरी आमच्या खान्देशातल्या सोनगीरला कुठे आलात? पण खान्देशात बघायला काय आहे हे तुम्ही मला न येताच सांगता ना! मग मीही नाउरूसारख्या पिटुकल्या देशाबद्दल घरबसल्या बोलणार.

मी एकतीस वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. संशोधनाला लोक अमेरिका, इंग्लंड घेतात. मी पिटुकले देश धरले. ज्यांची अख्खी लोकसंख्या आमच्या तालुक्यात मावेल, असे. सगळे हसले. माझे मार्गदर्शक हसले, सहकारी हसले, खुद्द माझा भाऊ अजून हसतो. हसा. हिवाळ्यात चार दिवस मी जो प्रवास केला, तो सगळा दोन जिल्ह्यांतला, जवळजवळ सगळा एसटीचा. तो झाल्यावर मला त्या हसण्याचं काही वाटेनासं झालं, म्हणून हे लिहिते आहे.

सोमवार : मुक्ताईनगर ते दीपनगर

निमित्तं दोन होती. धुळ्याच्या एका कॉलेजात चर्चासत्र होतं, तिथे मला वीस मिनिटं दिली होती. आणि रत्नाचा फोन आला होता.

रत्ना माझी जुनी विद्यार्थिनी. मूळची आमच्याच भागातली, लग्न होऊन सोनगीरच्या पलीकडच्या एका गावात गेली. गावाचं नाव सांगत नाही, तिथे मला अजून जायचं आहे. रत्ना शिवणकाम करते, बचत गट चालवते. नवरा सुरतेला मिलमध्ये, पंधरा दिवसांनी येतो. इतकी वर्षं तीन गावांची मिळून एकच ग्रामपंचायत होती, ती फुटून रत्नाच्या गावाला यंदा स्वतःची मिळाली. वेगळं होण्याचा पहिला अर्ज, नंतरचे सगळे अर्ज, ठरावाच्या प्रती, सगळं रत्नाच्या अक्षरात. आता पहिली निवडणूक लागली, आणि तिने सरपंचपदासाठी फॉर्म भरला.

"मॅडम, बठ्ठा गाव म्हणतो, काढून घे," ती फोनवर म्हणाली. इतकी वर्षं तिकडे राहून तिच्या बोलण्यात तिकडचं बठ्ठा आलंय. बठ्ठा म्हणजे सगळा. "गावाला निवडणूक बिनविरोध करायचीय. गुरुवारी तीन वाजेपर्यंत माघार आहे. काय करू?"

मी म्हटलं, "बुधवारी येते. तोवर कशावरही सही करू नकोस."

मुक्ताईनगरच्या स्टँडवर कंडक्टरने माझ्याकडे न बघताच तिकीट फाडलं. "अर्धं." एसटीत हल्ली बाई म्हटली की अर्धं तिकीट. सवलत आहे, मला आनंदच आहे, पण तो ज्या सुरात 'अर्धं' म्हणाला ना, तो मला टोचला. "बसायला सीट अख्खी देशील ना रे भाऊ?" मी विचारलं. मागच्या सीटवरच्या दोन बाया खुदकन हसल्या. कंडक्टर बिचारा ओशाळला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी. ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते : थंडीत केळीला जपावं लागतं, घडांवर पिशव्या घालतात, बांधाला वाऱ्याच्या आडोशाला गवत लावतात. लहान लेकराला कानटोपी घालावी तसं चाललेलं असतं. भुसावळ जवळ आलं की दीपनगरची धुराडी दिसायला लागतात आणि झाडांच्या पानांवर राखाडी थर दिसतो. माझा धाकटा भाऊ तिथल्या वीज केंद्राच्या वसाहतीत राहतो. वहिनीने भरीत केलं होतं. आमच्याकडची हिरवी, मोठी, कमी बियांची वांगी, तीही पऱ्हाटीवर भाजलेली. पऱ्हाटी म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. गॅसवर भाजलेल्या वांग्याला आम्ही भरीत म्हणत नाही. त्याच्याबरोबर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकर आणि कांद्याची पात.

"काय व ताई," भाऊ पहिल्याच घासाला म्हणाला, "तुहा तो पिटुकला देश मोठा झाला का नाही अजून?"

"देश मोठा व्हावा लागत नाही," मी म्हटलं. "बुद्धी व्हावी लागते."

वहिनीने हसू दाबत माझ्या ताटात आणखी भरीत घातलं. मग तिने विचारलं, आणि खरंच विचारलं, "पण ताई, एवढ्याशा देशात मतदान कशाला लागतं? सगळे एकमेकांना ओळखतच असतील."

हाच तर प्रश्न आहे. माझ्या एकतीस वर्षांत इतका नेमका प्रश्न एकाही परीक्षकाने विचारला नाही. मी तिला म्हटलं, ओळखतात म्हणूनच अवघड असतं गं. ज्याच्याविरुद्ध मत दिलं, दुसऱ्या दिवशी त्याच्याच दुकानात मीठ आणायला जायचं असतं.

मंगळवार : धुळे

जळगावहून पारोळामार्गे धुळ्याला जाताना बस एका ढाब्यावर थांबली. मी शेवभाजी मागवली. जाड तिखट शेव, काळ्या मसाल्याचा तर्रीदार रस्सा. डोळ्यांतून पाणी आलं. समोर बसलेला मुंबईकर प्रवासी माझ्याकडे काळजीने बघून म्हणाला, "काकी, तब्येतीला बरं नाही का?" मी म्हटलं, "अगदी छान आहे, तू पण खा." त्याने एक घास घेतला आणि ताकाचे दोन ग्लास संपवले.

चर्चासत्राचं काय सांगू! माझी वीस मिनिटं आधी दहा झाली, मग पाच झाली, कारण पाहुण्यांचा सत्कार लांबला. पाच मिनिटांत मी एवढंच बोलले : विद्वान सांगतात, छोटे देश स्वतः काही निवडत नाहीत, जो राज्य करून गेला त्याची पद्धत चालू ठेवतात. बरंचसं खरंही आहे. माल्टाची पद्धत इंग्रजांच्या काळातली. तुवालूमध्ये पक्षच नाहीत, आणि कधी कधी एखाद्या बेटावर समोर कोणी उभंच राहत नाही. लिकटेनस्टाइनमध्ये बायकांना मत द्यायचं का, यावर मत कोणी दिलं? पुरुषांनी! दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा कसंबसं हो म्हणाले. पण नाउरू बघा. पॅसिफिक समुद्रातलं एवढंसं बेट, मोटरसायकलवर अर्ध्या तासात देशाला प्रदक्षिणा. त्यांनी ऑस्ट्रेलियाकडून आलेली पद्धत घेतली आणि आपल्या हिशेबाने बदलली. मतदार सगळ्या उमेदवारांना क्रम देतो. पहिल्याला एक मत, दुसऱ्याला अर्धं, तिसऱ्याला एक तृतीयांश...

"मॅडम, वेळ," अध्यक्ष म्हणाले. नंतर चहाच्या वेळी ते जवळ येऊन म्हणाले, "विषय गंमतशीर आहे हां. पण याचा उपयोग काय?"

असा संताप आला! पण हातात गरम चहा होता आणि साडी नवी होती. मी म्हटलं, "परवा सांगते." ते हसले. त्यांना वाटलं, मी थट्टा करते आहे.

बुधवार : सोनगीर आणि पुढे

सोनगीर हे आग्रा रोडवरचं गाव. रस्त्यावरून किल्ला दिसतो, ट्रकवाले वर बघत नाहीत, आपण बघावं. चढायला फार नाही, पण मी पायथ्यालाच थांबले कारण गुडघे. गावात तांब्या-पितळेची भांडी करणाऱ्यांची गल्ली आहे. ठोक्यांचा आवाज ऐकत उभी राहिले आणि तीन तांबे घेतले, अरुंद तोंडाचे. एक मला, एक वहिनीला, एक रत्नाला, असा हिशेब होता. दुकानदार म्हणाला, "मावशी, आत हात जाणार नाही बरं, घासायला त्रास होईल." पुढे तेच कामाला आलं.

रत्नाच्या गावाला जाणारी बस मी चुकवली. म्हणजे बस समोर उभी होती, मी तांबे बांधून घेत होते. मग एका कांद्याच्या पिकअपमध्ये पुढे बसून गेले. ड्रायव्हरला विचारलं, गावात काय वातावरण आहे? तो अहिराणीत म्हणाला, "बिनविरोध शे ना! बठ्ठासनी ठरावेल शे. एक शिवणारी बाई तेवढी आडवी लागेल शे." तिकडचं शे म्हणजे आपलं आहे. आडव्या लागलेल्या बाईकडेच निघाले होते मी.

रत्नाच्या दारात तिची सासू उभी होती. सगळे तिला अक्का म्हणतात. सत्तरीची, ताठ, नाकात जाड नथणी. "उनात का बाई? बठा. पहिले जेवण करी ल्या," असं स्वागत करून तिने वरण-बट्टी वाढली. कणकेची बट्टी चुलीत भाजून तुपात बुडवलेली, वर वांग्याची घोटलेली भाजी. मला वाटलं, ही आपल्या बाजूची. छे! मी हात धुते आहे तोच म्हणाली, "तुम्ही तिना मास्तर ना? मंग सांगा तिले, फॉर्म काढी ले. आमले घरमा भांडण नको."

रत्ना मशीनवर बसली होती, पाय चालूच. ती वर न बघता म्हणाली, "मॅडम, मी थकले हो. रोज कोणी ना कोणी येतं. मी काय चोरी केली का?"

 वर्गात ही मुलगी पहिल्या बाकावर बसून माझ्याशी वाद घालायची.

थोड्या वेळाने नाना आले. नाना म्हणजे गावचे थोर, अक्काचे चुलत दीर, पांढरं धोतर, बोलणं अगदी मऊ. बरोबर दोघे-तिघे होते. सरपंचपदाला तीन फॉर्म होते : नानांचा पुतण्या संजय, दुसऱ्या भावकीतला भटू, आणि रत्ना. नानांनी ठरवलं होतं की संजय सरपंच, भटू उपसरपंच, आणि निवडणूक नकोच.

"बाई, तुम्ही शिकेल-सवरेल शेतस," नाना म्हणाले. "जुनी पंचायतमा एक इलेक्शन व्हयनं, मंग दोन गल्लीसना लोक दहा वरीस एकमेकना घर लगीनले गयात नही. मी डोयानी देखेल शे. आते आमनं नवं गाव शे. बठ्ठा गाव एक शे."

खोटं बोलत नव्हता माणूस. मला ते समजत होतं आणि म्हणूनच जास्त राग येत होता. मी विचारलं, "नाना, बठ्ठा म्हणजे किती?"

"बठ्ठा म्हंजे बठ्ठा!"

"देवळात बैठक झाली तेव्हा बायका होत्या?"

"बाया कसाले येतीन? घरना माणूस व्हता ना."

"आणि खालच्या गल्लीतले?"

नानांनी पागोट्यावरून हात फिरवला. बरोबरचा एकजण फटकन म्हणाला, "जागा तं जनरल निंघनी. बाईनी राखीव नही शे. बाईनं काय काम?"

घ्या! इतकी वर्षं बायकांना राखीव जागा आहेत, त्याचा अर्थ लोकांनी असा काढला की बाकीच्या सगळ्या जागा पुरुषांना राखीव. मी म्हटलं, "भाऊ, जनरल म्हणजे सगळ्यांची. तुमच्या भाषेत सांगू? बठ्ठासनी."  नाना उठले, मला नमस्कार केला, आणि जाताना रत्नाला म्हणाले, "उद्या तीन वाजता, पोरी. तहसीलले."

ते गेल्यावर रत्नाने मशीन थांबवली. "मॅडम, खरं सांगा. गावातल्या बायका तरी माझ्या बाजूला आहेत का? तोंडावर सगळ्या म्हणतात, काढून घे. कोणीच नसेल तर मी कोणासाठी उभी राहू?"

मला काय माहीत? मी ज्योतिषी नाही. पण मोजायचं कसं, ते मला माहीत होतं.

दुपारी बचत गटाची सभा होतीच. रत्ना सोडून, अक्का धरून एकवीस बाया जमल्या, वरच्या-खालच्या दोन्ही गल्ल्यांतल्या. मी त्यांना नाउरू सांगितलं. समुद्रातलं बेट म्हटल्यावर त्यांना आधी पिण्याच्या पाण्याची काळजी वाटली, त्यावरच दहा मिनिटं गेली. मग मी म्हटलं, तिथे मत भाकरीसारखं वाटतात. ज्याला पहिला नंबर त्याला अख्खी भाकर, दुसऱ्याला अर्धी, तिसऱ्याला तीन भागांतला एक.

अक्का कोपऱ्यात शेंगा फोडत बसली होती. तिने मान वर केली. "भाकर तीन जागे कशी तुटी व माय?"

"म्हणजे?"

"अर्धी व्हस. चतकोर व्हस. तिसरा भाग कोन तोडस? हातनी तोडी दावा."

सगळ्या बाया हसायला लागल्या. एकीने आतून खरंच भाकर आणून माझ्या हातात दिली. मी प्रयत्न केला. एक तुकडा मोठा झाला, एक बारका, तिसऱ्याचा चुरा. एकतीस वर्षं मी एक तृतीयांश, एक तृतीयांश म्हणत आले आणि कधी मनात आलं नाही की आपल्या भाषेत भाकरीच्या तिसऱ्या भागाला शब्दच नाही. अर्धी आहे, चतकोर आहे. तिसरा भाग हाताला येत नाही, म्हणून तोंडातही येत नाही.

"मग तिसऱ्याला चतकोर," मी म्हटलं. "मंजूर?"

"मंजूर!" बाया ओरडल्या. एवढ्याशा देशाची पद्धत आमच्या एवढ्याशा गावाने पाच मिनिटांत दुरुस्त केली, आणि विद्वान म्हणतात छोटी माणसं काही निवडत नाहीत. बोलवा त्या विद्वानांना.

रत्नाने अस्तराच्या चिंध्यांमधून भराभर गोल कापले. एकवीस अख्खे, एकवीस अर्धे, एकवीस चतकोर. सोनगीरचे तीन तांबे पडद्याआड मांडले. संजयच्या तांब्याला लाल दोरा, भटूच्या पिवळा, रत्नाच्या हिरवा. एकेक बाई आत जायची, तीन तुकडे तीन तांब्यांत टाकायची, पदर सावरत बाहेर यायची. तोंड अरुंद, आतलं काही दिसत नाही, हात घालता येत नाही. रत्ना स्वतः अंगणात जाऊन उभी राहिली. सगळ्यांत शेवटी अक्का उठली. "मी भी जासू," म्हणाली, आणि आत बराच वेळ लावला.

तांबे उपडे केले. आधी अख्खे मोजले. संजय आठ. भटू सात. रत्ना सहा.

रत्नाचा चेहरा पडला. तिने कात्री उचलून डब्यात ठेवली. मी म्हटलं, "थांब, तुकडे राहिले." मग अर्धे आणि चतकोर मोजले. संजय बारा भाकरी. भटू सव्वाअकरा. रत्ना साडेतेरा.

रत्नाच्या तांब्यात एकही चतकोर निघाला नाही : संजयला पहिला नंबर देणाऱ्या प्रत्येकीने दुसरा रत्नाला दिला होता. भटूवालीनेही तसंच. म्हणजे आपल्या घरच्या, भावकीच्या माणसाला अख्खी, कारण ती द्यावीच लागते. आणि मग, विचारलंच आहे म्हणून, अर्धी रत्नाला. तोंडावर काढून घे म्हणणाऱ्या बायांची ही अर्धी भाकर त्यांना कोणी कधी विचारलीच नव्हती. बाया एकमेकींकडे चोरून बघत होत्या. कोणाची अर्धी कोणाला गेली ते कोणीच बोललं नाही.

मी रत्नाला खोटी आशा दाखवली नाही. सगळ्या गेल्यावर म्हटलं, "बाई गं, कायदा नाउरूचा नाही. आपल्याकडे फक्त अख्ख्या मोजतात. आज जसं झालं तसं झालं तर तू तिसरी येशील."

तिने अर्ध्या चिंध्यांचा ढीग जवळ ओढला. मग म्हणाली, "पण मॅडम, अर्ध्या मोजल्याच नसत्या तर त्या आहेत हे मला कळलं तरी असतं का?"

मला भीती वाटत होती हे कबूल करते. मी उद्या मुक्ताईनगरला निघून जाणार. गावात राहायचं हिला. पाण्याच्या टाकीवर, दळणाच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत हिला बसायचं. माझ्या एका हट्टाच्या विषयासाठी मी हिला पुढे ढकलते आहे का, असंही मनात आलं. ते तिला सांगितलंही. ती चिडली. "फॉर्म मी तुम्हाला विचारून भरला होता का?" म्हणाली. तेव्हा मला ती पहिल्या बाकावरची मुलगी परत दिसली.

गुरुवार : पुन्हा धुळे

तहसील कार्यालयाच्या आवारात जत्रा भरली होती. पाचपन्नास गावांची माघार एकाच दिवशी. कोणी रुसलेल्याला समजावतंय, कोणी उमेदवाराला धरून आणलंय, एका झाडाखाली दोन सख्खे भाऊ पाठीला पाठ लावून बसलेत. वडापाववाल्याची चंगळ. रत्ना, मी, आणि आश्चर्य म्हणजे अक्का, अशा तिघी बसने आलो. अक्का का आली ते तिने सांगितलं नाही. कंडक्टरने तिघींना अर्धी तिकिटं दिली.

अडीच वाजता नाना भटूला बाजूला घेऊन गेले. वीस मिनिटं बोलले. भटू आत गेला आणि माघारीच्या कागदावर सही करून बाहेर आला, तोंड आंबट. नानांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. त्यांचा हिशेब सरळ होता : दोन भावक्या एक झाल्या, आता शिवणारी बाई एकटी पडली.

मला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून मी खांबाआड गेले. नाना, नाना, काय केलंत हे! भटूच्या सात अख्ख्या भाकरी आता कोणाकडे जाणार? त्या प्रत्येकीची अर्धी रत्नाकडे होती. भटू निघाला की अर्धीची अख्खी होते. निदान त्या एकवीस जणींत तरी. पुरुषांचं मला माहीत नव्हतं. नानांच्या हिशेबात अर्धी भाकर कोणी मोजलीच नाही, म्हणून त्यांना ती दिसली नाही.

तीनला सात मिनिटं कमी असताना नाना रत्नासमोर आले. भोवती माणसं जमली. नाना हात जोडूनच म्हणाले, "पोरी, भटूनी काढी लिधं. आते तू भी काढी ले. गाव बिनविरोध व्हई. तू नही काढशी तं नवं गाव पहिलाच दिन फुटी जाई. हाई तुनं पाप."

इतका म्हातारा माणूस हात जोडून उभा.  मी काही बोलणार होते, अक्काने माझा दंड धरला.

रत्ना म्हणाली, "नाना, गाव फुटी नही राह्यनं. गाव मोजाई राह्यनं."

 आतल्या कारकुनाने बाहेर डोकं काढून विचारलं, "आणखी कोणाची माघार?" भिंतीवरचं घड्याळ सगळ्यांनी बघितलं. तीन वाजले. कारकुनाने दार लोटून घेतलं.

चिन्ह वाटपात रत्नाने शिलाई मशीन मागितलं आणि मिळालं. संजयला पंखा मिळाला. नानांनी आम्हाला सगळ्यांना चहा पाजला, रत्नाचा कप स्वतः तिच्या हातात दिला. चहा पिताना बेटाची गोष्ट निघाली होती. "बाई," मला म्हणाले, "तुमना त्या बेटवर हारेल माणूस काय करस?" मी म्हटलं, "तिथेच राहतो, नाना. जाणार कुठे, चहूकडे समुद्र आहे." नाना हसले.

संध्याकाळच्या आत मी जळगावची बस पकडली. मंगळवारचे चर्चासत्रवाले अध्यक्ष स्टँडवर दिसले. मी त्यांना हाक मारून सांगितलं, "उपयोग विचारला होतात ना? भाकरी मोजायला होतो." बस सुटली, त्यामुळे त्यांचं उत्तर ऐकायचं राहिलं.

घरी

मतमोजणीच्या दिवशी मी सकाळपासून फोन पदराला बांधून हिंडत होते. दुपारी रत्नाचा फोन आला. आधी नुसता रडण्याचा आवाज, मग वाजंत्री, मग पुन्हा रडणं. मी ओरडले, "अगं बोल ना!"

"एक मताने, मॅडम. एका. संजयने पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा एकच."

मी मटकन ओट्यावर बसले आणि मोठ्याने रडले. शेजारीण धावत आली, तिला वाटलं कोणी गेलं.

त्या दिवशी मला आणखी नऊ फोन आले. सगळे बचत गटातल्या बायांचे. प्रत्येकीचं म्हणणं एकच : बाई, ते एक मत मनं शे, कोनले सांगू नका. नऊही जणींना मी म्हटलं, हो गं, तुझंच. आणि खोटं नव्हतं ते. एका मताने निवडून आलेल्या माणसाचं प्रत्येक मत तेच एक मत असतं.

पुण्याच्या संपादकांना मी लेख पुन्हा पाठवला आहे. शीर्षक बदललेलं नाही, फक्त नाउरूच्या प्रकरणाला जोडून एका गावाचं प्रकरण घातलं आहे. यावेळी महाराष्ट्राशी संबंध नाही म्हणून दाखवा.

दहावा फोन दिवेलागणीला आला. अक्का होती. आधी तब्येत विचारली, थंडी विचारली, वांगी कशी आहेत विचारलं. 

"बाई," शेवटी ती म्हणाली, "संजय आमनाच पोर्‍या शे. त्या दिन तांब्यामा मी त्यालेच अख्खी दियेल व्हती. रत्नाले अर्धी."

"माहीत नव्हतं मला, अक्का."

"आते माहीत व्हयनं ना."  पलीकडे शिलाई मशीनचा आवाज चालू होता. "परवा मतदानना मशीनमा अर्धीनं बटनच नव्हतं, व माय. मंग काय करतू? दिनी तिले अख्खी."